तळ्यातले आडवे बांध

एकदा एक मुलगी दूरच्या देशात पृथ्वीचे हवामान शिकून आपल्या खाडीकाठच्या गावी परत आली. येताना तिला वाटले होते की गाव थकलेले असेल, गोंधळलेले असेल, आणि कुणीतरी येऊन आपल्याला चार गोष्टी समजावून सांगाव्यात याची वाट पाहत असेल. प्रत्यक्षात गावाला तिच्याकडे बघायलाही सवड नव्हती. माघ महिना होता, ऊन चांगले पडत होते, आणि गाव मीठ पिकवत होते.

सामान घरात ठेवून ती मिठागराकडे गेली. घोट्याएवढ्या चिखलात उभ्या असलेल्या तिच्या आईने मान वर करून म्हटले, "आलीस? डाळ-भात झाकून ठेवलाय. आणि जरा मागं सर, वाफ्यावर सावली पडते तुझी."

मुलगी मागे सरली. चार वर्षांनंतरचे तिचे स्वागत एवढेच झाले.

ती जे शिकून आली होती ते सांगायला सोपे आहे, पण मनात उतरायला वेळ लागतो. पृथ्वीवर ऊन किती पडते यावर तिचे हवामान ठरते हे खरे. पण तेवढ्यानेच ते ठरत नाही. जमीन कुठे मांडली आहे, यानेही ते ठरते. सगळी भूखंडे एकत्र गोळा झाली तर मधल्या प्रदेशापर्यंत समुद्राचा ओलावा पोहोचत नाही. तिथला उन्हाळा होरपळवतो आणि हिवाळा गोठवतो. ध्रुवावर जमीन असली तर बर्फाला बसायला जागा मिळते. दोन भूखंडांमध्ये पाण्याची एखादी खिंड उघडली तर समुद्राचा प्रवाह वाट बदलतो, आणि हजारो कोसांवरचा प्रदेश थंड किंवा उबदार होतो. दूरच्या त्या विद्यापीठात ती संगणकावर हेच करीत असे. सूर्य तोच ठेवायचा, पाणी तेवढेच ठेवायचे, जमीनही तेवढीच. फक्त ती इकडची तिकडे सरकवायची आणि पृथ्वीचे काय होते ते पाहायचे. या कामावर तिचे मनापासून प्रेम होते. ते प्रेम घेऊनच ती परतली होती, आणि आपल्या गावासाठी काहीतरी करायचे, हे तिने विमानात बसण्यापूर्वीच ठरवले होते.

गावाचे मीठ असे पिके. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या लाकडी दारातून, एका मोठ्या साठ्यात घ्यायचे. तिथून ते रोज थोडे थोडे एका उथळ तळ्यात सोडायचे. या तळ्यात पाणी उन्हाने तापते, आटते, दाट होते. तळ्याच्या दुसऱ्या तोंडातून हे पिकलेले पाणी वाफ्यांत उतरवायचे, आणि वाफ्यांत मीठ धरते. अशी तापायची तळी गावात चाळीस होती, घरटी एक. आणि प्रत्येक तळ्यात वीतभर उंचीचे मातीचे बांध होते. सरळ एकही नाही. या काठापासून निघून त्या काठाला टेकता टेकता राहिलेला एक, त्याच्या उलट दिशेने आलेला दुसरा, मध्येच कोपरा मुडपलेला तिसरा. वाकड्या वाटेने चालणाऱ्या माणसासारखे पाणी त्यांच्यामधून फिरत फिरत जाई.

या बांधांच्या वळणांना नावे होती. बारकीचं वळण. धाकूचं वळण. दोघा भावांचा वळसा. एकीकडे "आज पाणी बारकीच्या वळणाला अडलंय" असे कुणी ओरडे, आणि दुसरीकडून उत्तर येई, "मग बारकीला म्हणावं, सोड." मुलीला लहानपणापासून ही नावे ठाऊक होती. हे बांध ज्यांनी घातले त्यांची ती नावे असावीत, असे ती धरून चालली होती. तिने कधी विचारले नव्हते.

परत आल्यावर तिने पंधरा दिवस तळी मोजली. टेप घेऊन, वही घेऊन, डोक्यावर आईची जुनी साडी गुंडाळून. तिला दिसले की दर नऊ हातांतला एक हात या आतल्या बांधांनी अडवला आहे. तेवढ्या जागेवर ऊन पडते ते मातीवर पडते, पाण्यावर पडत नाही. हे बांध काढून तळी मोकळी केली तर पाण्याला तेवढे ऊन अधिक मिळेल, आणि तेवढे मीठ अधिक पिकेल. तिने नकाशा काढला. चाळीस स्वच्छ, चौकोनी तळी.

पौर्णिमेला देवळासमोर गाव जमले. मुलीने नकाशा भिंतीला लावला आणि समजावून सांगितले. ती चांगले बोलत असे. तिच्या बोलण्यात कळकळ होती. गावाला तिचा अभिमान वाटला. आपल्यातली मुलगी एवढी शिकली आणि शिकून इथे आली, याचाच आनंद पुष्कळांना इतका होता की नकाशाकडे त्यांनी फारसे पाहिलेच नाही. ठरले की येत्या अमावस्येच्या सकाळी, नवे पाणी घेण्यापूर्वी, चाळीसही तळ्यांतले आडवे बांध फोडायचे.

मिठागरातले सर्वांत वृद्ध माणूस म्हणजे जोमाबाबा. त्यांच्या टाचांना मिठाच्या भेगा पडलेल्या होत्या आणि त्या भेगा त्यांच्यापेक्षा जुन्या आहेत, अशी थट्टा गाव करी. सभेत ते एकच वाक्य बोलले.

"पाण्याला लांबनं जाऊ द्यावं."

"बाबा," मुलगी आदराने म्हणाली, "पाण्याला चालवून काय मिळणार? त्याला तापवतं ते ऊन."

लोक हसले. जोमाबाबाही हसले, आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी त्यांच्या तळ्यावर गेली. सभेत आपण त्यांना गप्प केले की काय, अशी तिला थोडी रुखरुख होती. जोमाबाबा बांधावर बसून हातातले भाताचे तूस चिमटी-चिमटीने पाण्यावर टाकत होते आणि ते कुठे जाते ते पाहत होते.

"हे काय करता?"

"बघतोय. तू काय शिकलीस तिकडं? गावाला सांगितलंस ते सोड. त्याआधीचं सांग."

असे तिला परत आल्यापासून कुणीही विचारले नव्हते. तिने शेजारी बसून काठीने ओल्या चिखलात भूखंडे काढली. एके काळी सगळी जमीन एकत्र कशी होती, मग ती फुटून कशी सरकत गेली, हे सांगितले. दक्षिणेचा एक मोठा भूखंड शेजारच्या जमिनींपासून कसा सुटा झाला. मग त्याच्याभोवती समुद्राचे पाणी अडथळ्याशिवाय गोल फिरू लागले, उत्तरेची ऊब त्याच्यापर्यंत पोहोचेनाशी झाली. आणि इतरही कारणे होती, पण ज्या भूमीवर एकदा झाडे होती तिथे कोसभर जाडीचा बर्फ साठला.

"खिंड उघडली, एवढ्यानं?" जोमाबाबांनी विचारले.

"एवढ्यानं नाही. पण त्यावाचूनही नाही."

"आणि आपण कुठं होतो?"

तिने काठी खाली नेली. "इथं. आपली जमीन एक मोठं बेट होती. ती समुद्रातून उत्तरेकडं चालत आली. वाटेतला जुना समुद्र मिटत गेला. मग ती उत्तरेच्या जमिनीला धडकली, आणि दोन्हींच्या मध्ये हिमालय उठला. तो आहे म्हणून उत्तरेचे गार, कोरडे वारे आपल्याकडं उतरत नाहीत. तो आणि त्यामागचं पठार आहे म्हणून आपल्या पावसाला एवढा जोर आहे. बाबा, कधी कधी मला वाटतं, आपण जेवायला बसतो तेव्हा त्या धडकेचे उपकार मानायला हवेत."

जोमाबाबांनी चिखलातल्या त्या रेघेकडे बराच वेळ पाहिले.

"म्हणजे आडवा बांधच की."

"आडवा बांधच," ती हसून म्हणाली.

"आणि तिथं कोण चुकलं होतं?"

मुलीला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे. "डोंगर उठायला कुणी चुकावं लागतं का, बाबा?"

"मला काय ठाऊक? तू शिकलेली. मी आपलं विचारलं." आणि त्यांनी उरलेले तूस पाण्यावर सोडून दिले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी गावाने पाहिले ते असे. जोमाबाबा आपल्या तळ्यात उतरले होते आणि स्वतःच्या हाताने आतले बांध फोडत होते. त्यांचे तळे गावात सर्वांत चांगले. त्यातले पाणी आधीच दाट झालेले होते. आठ दिवसांत त्यांच्या वाफ्यांत मीठ धरले असते. अमावस्येला अजून अकरा दिवस होते. एवढी घाई कशाला, ते कुणालाच कळेना.

त्यांची सून कमरेवर हात ठेवून काठावर उभी राहिली.

"मामा, डोकं ठिकाणावर आहे ना? आठ दिवसांत मीठ धरलं असतं."

"धरलं असतं."

"मग?"

"मग काय. आता नाही धरणार."

"घरात सांगून तरी करायचं."

"सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस?"

सुनेने आकाशाकडे पाहिले आणि ती निघून गेली. वाफ्यांवरच्या बायका एकमेकींना म्हणाल्या की म्हाताऱ्याचे वय झाले, आणि वय सगळ्यांचेच व्हायचे आहे.

मुलगी मात्र धावत आली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "बाबा, तुम्ही पहिले," ती म्हणाली. "सभेत तुम्ही नको म्हणालात, आणि आज सगळ्यांच्या आधी तुम्ही केलंत. मला काय बोलावं सुचत नाही."

"पहिला ठीक आहे," जोमाबाबा फावडे धुवत म्हणाले. "दुसरा नको." आणि त्यांनी तिला तुसाची पिशवी दिली. "रोज दुपारी ये. मूठभर टाकत जा. मोजायचं ते मोज, पण हे टाकत जा."

पहिले तीन दिवस मुलीची वही प्रसन्न होती. तळे विस्तीर्ण आणि चकचकीत दिसत होते. तिने चारही कोपऱ्यांत तापमापक बुडवले. पाणी पूर्वीपेक्षा तसूभरही कमी तापलेले नव्हते. ऊन आपले काम करीत होते. तिने आईला सांगितले, "बघ, मी म्हटलं होतं." आई म्हणाली, "बघतेय."

जोमाबाबांकडे पाण्याचा दाटपणा पाहायला एक कोंबडीचे अंडे होते. पाणी पिकले की अंडे तरंगते, कच्चे असले की बुडते. पाचव्या दिवशी त्यांनी ते तळ्याच्या शेवटच्या तोंडाशी सोडले. अंडे हळूच खाली गेले.

"हे अंडं जुनं झालं असेल," मुलगी म्हणाली.

"जुनं अंडं उलट लवकर तरंगतं गो, बाय," जोमाबाबा म्हणाले, आणि पाण्यात हात घालून त्यांनी ते परत काढून घेतले.

सातव्या दिवशीही ते बुडाले. नवव्या दिवशी दुपारी मुलगी एकटीच तळ्याच्या वरच्या तोंडाशी उभी होती. रोजच्यासारखा समुद्रावरून खारा वारा सुटला. तिने मूठभर तूस पाण्यावर टाकले.

वाऱ्याने ते उचलले नाही, पाण्याने उचलले. वरच्या तोंडातून नुकतेच आत आलेले साठ्यातले कच्चे पाणी वाऱ्याच्या जोराने तळ्याच्या बरोबर मधून सरळ चालत गेले. कुठे थांबले नाही, कुठे वळले नाही. पूर्वी त्या तोंडापासून या तोंडापर्यंत यायला पाण्याला कित्येक दिवस लागत. आज मुलगी बांधावरून चालत पुढे जाऊन उभी राहिली, आणि तूस तिच्या मागोमाग थोड्याच वेळात येऊन पोहोचले. तापायला जे पाणी आणले होते, ते तापण्यापूर्वीच वाफ्यांत उतरत होते.

मग तिने दुसरी मूठ उत्तरेच्या कोपऱ्यात टाकली. ते तूस गोल फिरू लागले. फिरत राहिले. पुन्हा पुन्हा त्याच वर्तुळात, तळ्यातल्या इतर पाण्याशी काहीही संबंध नसल्यासारखे. तिथले पाणी लालसर झाले होते आणि तळाच्या चिखलातच मीठ धरले होते, जिथून ते कुणालाही उचलता येणार नव्हते. एकाच तळ्यात, एकाच उन्हाखाली, दोन हवामाने झाली होती. एक कच्चे राहून निघून जाणारे, आणि एक जागच्या जागी कोंडून मेलेले.

मुलगी बांधावर बसली. त्या वर्तुळाकडे पाहता पाहता तिला दक्षिणेचा तो बर्फाचा भूखंड दिसला, ज्याच्याभोवती समुद्र असाच गोल फिरतो. मग तिने मोकळ्या तळ्याकडे पाहिले. सूर्य तोच. पाणी तेवढेच. तापमापक खोटे बोलला नव्हता. फक्त जमीन हलवली होती, आणि ती तिच्याच नकाशाप्रमाणे हलवली होती. जगातल्या ज्या एका गोष्टीचा तिने चार वर्षे अभ्यास केला होता, नेमकी तीच गोष्ट तिच्या गावच्या तळ्यात वीतभर उंचीची होऊन तिच्यासमोर पडली होती, आणि तिने ती टेपने मोजून बाजूला काढायला सांगितली होती.

जोमाबाबा मागे येऊन कधी उभे राहिले ते तिला कळले नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"होतं."

"मग सभेत का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. लांबनं जाऊ द्यावं म्हटलं." ते तिच्या शेजारी बसले. "मला तेवढंच सांगता येतं. तू आकडे दाखवलेस, आणि तुझे आकडे खोटे नव्हते. जागा जास्त मिळते, ऊन जास्त मिळतं, हे खरंच आहे. खऱ्या आकड्यांशी मी काय भांडणार? मग दुसऱ्या दिवशी तू चिखलात पृथ्वी काढलीस. तेव्हा मला कळलं की हिला सगळं ठाऊक आहे. माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. फक्त लांबचं ठाऊक आहे. समुद्राएवढं असलं की हिला दिसतं, पायाखाली आलं की तो हिला चिखल वाटतो. ते बोलून पटायचं नाही. म्हटलं, पाण्यालाच बोलू दे."

"पण तुमचं मीठ गेलं, बाबा. सबंध पंधरवडा गेला."

"एका तळ्याचा गेला. अमावस्येला चाळीस तळ्यांचा जायचा होता. आणि एकदा फोडलेला बांध पुन्हा मुरायला हंगाम जातो. एका घराला शेजारचं घर जेवू घालतं. चाळीस घरांना कोण घालणार?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. ते पुसायला तिने हात उचलला, पण हात मिठाने माखलेला होता, म्हणून तसाच खाली ठेवला.

"बारकी कोण होती, सांगू?" जोमाबाबा म्हणाले. "माझ्या आजोबांची आत्या. तिनं एका वर्षी तळ्याचं तोंड समुद्राच्या वाऱ्यासमोर काढलं. मोठी हुशार होती. पाणी लवकर उतरेल म्हणाली. उतरलं. कच्चंच उतरलं. आख्खा हंगाम गेला. दुसऱ्या वर्षी तिथं वळण घातलं आणि त्याला तिचं नाव दिलं."

"घातलं कुणी?"

"कुणास ठाऊक. घालणाऱ्याचं नाव कशाला ठेवायचं? तो चुकलेलं बघून शहाणा झाला. उपकार चुकणाऱ्याचे. धाकू चुकला म्हणून धाकूचं वळण. ते दोघे भाऊ भांडले, पाणी अर्धं अर्धं वाटून घ्यायचं म्हणाले, आणि दोघांचंही नासलं; म्हणून तो वळसा. या तळ्यात एकही बांध कुणा शहाण्याच्या नावाचा नाही, बाय. आमच्या आधीचे जे जे चुकले, त्यांच्या हाताला धरून पाणी चालतं. म्हणून त्या दिवशी विचारलं तुला, हिमालयापाशी कोण चुकलं होतं. तुझ्या पृथ्वीचं बरं आहे. तिला जमीन इकडची तिकडे करून बघायला कोट्यवधी वर्षं मिळाली. आम्हाला माघ ते वैशाख एवढंच मिळतं. म्हणून आम्ही नावं लक्षात ठेवतो."

वारा पडला होता. कोपऱ्यातले तूस अजून फिरतच होते, पण मंद.

जाताना जोमाबाबा म्हणाले, "परवा अमावस्या आहे. लोकांना सांग, जोमानं बांध फोडला आणि तळं नासलं, म्हणून बेत सोडून देऊ. ते काही विचारणार नाहीत. म्हाताऱ्याचं वय झालं, हे त्यांचं आधीच ठरलंय. वळणाला माझं नाव पडेल. मला त्याचं काही नाही, मी आणखी किती दिवस? तुला इथं राहायचंय. तुझं पुढं ऐकतील."

मुलीने वाकून त्यांच्या भेगाळलेल्या पायांना हात लावला.

दुसरा सबंध दिवस ती गावच्या तळ्यांवरून हिंडली. कुणालाच तिने काही सांगितले नाही. एक एक वळण ती पायाने चालली आणि ज्याच्यापाशी उभी राही त्याचे नाव मनात म्हणे. पंधरा दिवस तिने हीच वळणे टेपने मोजली होती. आज ती तिला माणसांसारखी वाटत होती. कुणाचा हंगाम गेला होता, कुणाची पोरे त्या वर्षी उपाशी राहिली होती, आणि त्याबद्दल कुणी त्यांना विसरले नव्हते की त्यांना दूषण देत नव्हते. त्यांच्या चुकीच्या कडेकडेने चाळीस घरांचे मीठ रोज चालत होते. तिला वाटले, आपण मोठ्या ज्ञानाच्या घरातून लहान गावात आलो, असे समजत होतो. प्रत्यक्षात आपण एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात आलो. इथे प्रवेश मिळाला, हेच भाग्य. आईने पहिल्या दिवशी सावली मागे घ्यायला सांगितली, तो इथला पहिला पाठ होता. तो तिला आज कळला.

अमावस्येच्या सकाळी चाळीस घरांची माणसे फावडी घेऊन बांधावर जमली. दुपारच्या भरतीपूर्वी काम उरकायचे होते. सगळे तिच्या खुणेची वाट पाहत होते. जोमाबाबा जरा बाजूला उकिडवे बसले होते आणि आपल्याच पायांकडे पाहत होते. त्यांची सून तोंड फिरवून उभी होती.

मुलगी नकाशा घेऊन पुढे आली. तो तिने उलगडला नाही.

"बांध फोडू नका," ती म्हणाली. "जोमाबाबांचं तळं नासलंय. जाऊन बघा, शेवटच्या तोंडाशी अंडं सोडून बघा. ते त्यांच्या वयामुळं नासलेलं नाही. त्यांनी माझ्या नकाशाप्रमाणं केलं, तुमचं जाऊ नये म्हणून त्यांचं घातलं. चूक नकाशाची आहे आणि नकाशा माझा आहे. आज त्यांच्या तळ्यातले बांध पुन्हा घालायचेत. पहिलं घमेलं मी उचलते. हंगामभर मी त्याच तळ्यावर राहीन, आणि यंदा आमच्या वाफ्यांतलं अर्धं मीठ जोमाबाबांच्या घरी जाईल. आईला मी काल रात्री विचारलंय." तिने नकाशा काखेत धरला. "आणि वळणाला नाव माझं द्यायचं."

जोमाबाबांच्या सुनेने मान वळवून आधी मुलीकडे पाहिले, मग सासऱ्याकडे.

"बघ हां, पोरी," गर्दीतून एक बाई म्हणाली. "इथं एकदा नाव दिलं की पुसत नाहीत. तुझ्या नातवंडांच्या तोंडावर म्हणतील."

"म्हणू देत. म्हणताना पाणी कसं जातं, ते तरी सांगतील."

जोमाबाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. "हर्षदाचं वळण," त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले. "जरा लांब आहे नाव. पण बसेल."

मुलीच्या आईने आपल्या हातातले फावडे तिच्याकडे दिले. "मग चपला काढ," ती म्हणाली, "आणि उन्हाकडं तोंड करून उभी राहा. सावली मागं पडू दे."